घरबसल्या छायाचित्रणाचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी ना कोणी विदुषी येऊन आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात. यंदा कार्यवाहबाईंनी असे ठरवले की, मंडळाच्याच एका सभासद भगिनीने वर्षभरात जे नवे शिकले असेल ते सर्वांना सांगावे. त्यांनी माझे नाव घेतले. माझे शिक्षण यत्ता सातवीपर्यंतचे. आमच्या गावी जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच होती आणि हायस्कूल पाच मैलांवर दुसऱ्या गावात. मुलींना तेथवर पाठवण्याची त्या काळी आमच्याकडे रीत नव्हती. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु छायाचित्रणाचा कॉलेजातला अभ्यासक्रम मी घरी बसून, मोबाईलच्या पडद्यावर, पहिल्या पाठापासून शेवटच्या पाठापर्यंत पुरा केला आहे. तो कसा केला आणि त्याचा आपल्यासारख्या गृहिणींना काय उपयोग, एवढेच मी सांगणार आहे.

या अभ्यासाचे निमित्त आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात फोटोंना तोटा नव्हता. चार मोबाईल भरून फोटो होते. पण त्यांत सासूबाई कोठे? कोठे कोपऱ्यात अर्ध्या दिसणाऱ्या, कोठे पंगतीत वाढताना पाठमोऱ्या, कोठे नातवाच्या वाढदिवसाला दिव्याकडे पाठ करून बसल्यामुळे चेहरा काळा पडलेल्या. शेवटी एका लग्नातल्या समूहातून त्यांचा चेहरा कापून स्टुडिओवाल्याने तो मोठा करून दिला. ज्या बाईने पन्नास वर्षे हे घर चालवले, तिचा एक धड फोटो नसावा, याचे मला फार वाईट वाटले. पुढे मंडळात बोलता बोलता कळले की, बहुतेकींच्या घरची हीच कथा आहे. घरातल्या बायका फोटो काढण्याच्या वेळी स्वयंपाकघरात असतात, नाहीतर पदर सावरीत मागे उभ्या असतात.

तेव्हा मी मनाशी म्हटले की, कॅमेरा तर आता प्रत्येकीच्या हातात आहे; तो वापरण्याची विद्याच तेवढी हातात नाही.

आमची मुलगी कॉलेजात शिकते. तिने शोधून एक अभ्यासक्रम काढला. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात स्टॅनफर्ड नावाचे मोठे विद्यापीठ आहे. तेथे मार्क लेव्हॉय नावाचे प्राध्यापक २००९ ते २०१४ या काळात डिजिटल छायाचित्रण शिकवीत असत. पुढे २०१६ मध्ये त्यांनी हाच अभ्यासक्रम गूगल कंपनीतल्या लोकांना पुन्हा शिकवला, त्याचे चित्रीकरण केले आणि ते सर्व जगाला फुकट पाहण्यासाठी खुले केले. एकंदर अठरा व्याख्याने आहेत. भिंग, उजेड, रंग, चित्राची मांडणी, छायाचित्रणाचा इतिहास, सारे त्यांत आले. प्रवेशासाठी दाखला मागत नाहीत, फी नाही, शेवटी प्रमाणपत्रही मिळत नाही. आपल्या सरकारनेही २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या नावाने असेच घरबसल्या शिकण्याचे दालन उघडले आहे. तेथे कॉलेजांतले नाना विषय फुकट ऐकता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी पडते. ज्या भगिनींना दुसरा काही विषय शिकायचा असेल त्यांनी ते पाहावे.

आता तुम्ही विचाराल, सातवी शिकलेल्या बाईला प्राध्यापकांचे इंग्रजी समजले कसे? नाहीच समजले. पहिल्या दिवशी मला ‘लाइट’ आणि ‘कॅमेरा’ एवढे दोनच शब्द कळले. मग आम्ही मायलेकींनी एक पद्धत बसवली. दुपारी जेवणे उरकून भांडी झाली की, दोन ते तीन हा आमचा तास. पाठाचे दहा मिनिटांचे तुकडे करायचे. तिने ऐकून मला मराठीत अर्थ सांगायचा, मी तो वहीत माझ्या भाषेत लिहून काढायचा, आणि संध्याकाळच्या आत त्यावर घरातलाच एक प्रयोग करायचा. मधून मधून फळ्यावर मोठाली गणिते येत; ती आम्ही सोडून देत असू. अठरा व्याख्यानांना आम्हाला सात महिने लागले. मध्ये दिवाळी आली, एक बाळंतपण आले, पाहुणे आले. तास बुडाला तर दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे. कॉलेजात न गेल्याचा हाच एक फायदा की, शिक्षक आपल्यासाठी थांबून राहतात.

यजमान पहिल्या महिन्यात म्हणत, “फोटो काढायला शिकायचे काय? बटण दाबले की निघतो.” मी त्यांना उत्तर दिले नाही. नंतर त्यांच्या कार्यालयातल्या निरोप समारंभाचे फोटो मी काढून दिले, तेव्हापासून तेच लोकांना माझ्या वर्गाची माहिती देतात.

आता प्रत्यक्ष विद्येकडे येते.

फोटो म्हणजे उजेडाचे माप. कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरते. आपल्या शहरात नळाच्या पाण्याचे गणित प्रत्येकीला पाठ आहे, म्हणून मी ते तसेच सांगते. नळ किती उघडला हे पहिले. त्याला कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र म्हणतात. नळ किती वेळ चालू ठेवला हे दुसरे, ते शटर. हंडा भरण्यासाठी धार बारीक असेल तर वेळ जास्त लागणार. मोबाईलमध्ये हे छिद्र बहुधा कायमचे एकाच मापाचे असते, म्हणून अंधार पडला की तो शटरचा वेळ वाढवतो. वेळ वाढला की आपला हात हलतो, मूल हलते, आणि चित्र पुसट होते. तिसरी गोष्ट आयएसओ. भजनाला लाउडस्पीकर लावला आणि आवाज वाढवला की, भजनाबरोबर त्याची खरखरही वाढते. आयएसओ वाढवणे म्हणजे तेच. उजेड कमी आला म्हणून कॅमेरा त्याला आतून मोठा करतो आणि चित्रावर वाळूसारखे दाणे उठतात. यातून धडा असा की, फोटो बिघडला तर कॅमेऱ्याला नावे ठेवण्याआधी दार-खिडकी उघडावी.

रंग कसा उमटतो हेही मला फार गमतीचे वाटले. कॅमेऱ्यातल्या काचेखाली आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे लक्षावधी ठिपके असतात. त्यातला प्रत्येक ठिपका एकच रंग पाहतो. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, अशी ती मांडणी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. हिरवे दोन एवढ्याचसाठी की, माणसाच्या डोळ्याला हिरव्या उजेडातला बारीकसारीक फरक सर्वांत चांगला कळतो. शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून कॅमेरा उरलेले रंग अंदाजाने भरतो. त्याच कंपनीत १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा केला. तो सुमारे साडेतीन किलो वजनाचा होता, चित्र काळेपांढरे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज आपण भाजी निवडता निवडता तेवढ्या वेळात दहा फोटो काढतो.

आणखी एक गोष्ट ऐका. कॅमेऱ्याला पांढरे आणि काळे आपोआप कळत नाही. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचे असावे असे धरून तो उजेड मोजतो. म्हणून भर दुपारी बीबी का मकबऱ्याचा फोटो काढला तर पांढरा घुमट मळका दिसतो, आणि संक्रांतीला आपण हौसेने नेसलेली काळी चंद्रकळा राखेसारखी दिसते. यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे म्हणजे कॅमेरा तेथला उजेड मोजतो. मग बाजूला येणारी खूण वर किंवा खाली सरकवावी. पांढऱ्या वस्तूला उजेड थोडा वाढवावा, काळ्या वस्तूला थोडा कमी करावा. ऐकायला हे उलटे वाटते, पण करून पाहा.

चेहऱ्याचा फोटो काढताना फार जवळ जाऊ नये. हातभर अंतरावरून काढला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. पुष्कळ बायका म्हणतात, “माझा फोटो चांगला येत नाही.” दोष त्यांच्या चेहऱ्यात नसतो, अंतरात असतो. पाच-सहा फूट मागे सरावे आणि मग भिंगाने जवळ आणावे. बसणाऱ्या बाईला खिडकीच्या कडेला, खिडकी तिच्या उजव्या किंवा डाव्या हाताला येईल अशी बसवावी. दुसऱ्या बाजूला सावली फार गडद पडली तर शेजारी कोणाला तरी पांढरी चादर धरून उभे करावे. चादरीवरचा उजेड परतून चेहऱ्यावर येतो. स्टुडिओत मोठमोठे दिवे लावून जे करतात, तेच हे. उन्हाळ्यात आपल्याकडे अकरा ते चार या वेळात अंगणात फोटो काढूच नयेत. डोळ्यांखाली काळ्या खळ्या पडतात. सकाळी किंवा दिवेलागणीच्या आधी काढावेत.

रात्रीच्या फोटोची करामत तर निराळीच. नव्या मोबाईलमध्ये रात्रीसाठी एक सोय असते. तिच्यात कॅमेरा एका फोटोऐवजी पुष्कळ फोटो भराभर घेतो, ते एकावर एक जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. एका बाईने सांगितलेल्या बातमीत तिचे तिखटमीठ असते. नऊ जणींनी सांगितलेली बातमी पडताळून पाहिली की खरे तेवढे उरते. तसेच हे. नऊ चित्रांची सरासरी घेतली की दाणे एक तृतीयांश होतात. ज्या प्राध्यापकांचे पाठ मी ऐकले, तेच पुढे गूगलच्या मोबाईलमध्ये २०१८ साली अशी सोय आणणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते, हे कळल्यावर मला माझ्या मास्तरांचा अभिमान वाटला.

भगिनींनो, हा विषय परदेशचा आहे असे समजू नका. आपल्या जिल्ह्याचे आणि छायाचित्रणाचे नाते फार जुने आहे. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी रंगवलेली बहुतेक चित्रे लंडनला क्रिस्टल पॅलेस या वास्तूला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळून गेली. पण दरम्यान गिल कॅमेरा वापरायला शिकले होते. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या ७४ छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले आणि ते उरले. छापलेल्या चित्राच्या पुष्कळ प्रती असतात, म्हणून ते टिकते, हा धडा आपल्या जिल्ह्याने जगाला दिला आहे. आज चित्रे असलेल्या लेण्यांत झोताचा दिवा, म्हणजे फ्लॅश, वापरू देत नाहीत, कारण उजेडाने जुने रंग खराब होतात. अशा मंद उजेडात धीराने फोटो कसे काढावेत हे बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकात अजिंठ्याचे फोटो काढून दाखवले. धीर धरावा आणि हात स्थिर ठेवावा, हे आपल्या घरातल्या अंधाऱ्या माजघरालाही लागू आहे.

बायकांचा संबंधही तितकाच जुना. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला, म्हणजे परपुरुषापुढे न येता बायकांना आपला फोटो काढून घेता यावा. आणि होमाई व्यारावाला यांचे नाव तर प्रत्येकीने लक्षात ठेवावे. १९१३ मध्ये नवसारीस जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. त्या साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, स्वातंत्र्याच्या काळात दिल्लीत हिंडल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. ज्या घटना आपण शाळेच्या पुस्तकात पाहतो, त्यांतल्या कित्येक एका गृहिणीच्या डोळ्याने टिपलेल्या आहेत.

आता व्यवहाराचे बोलते. आपल्या मंडळातल्या कित्येक भगिनी बचत गटात आहेत. पापड, कुरडया, काळा मसाला, गोधड्या, पैठणीच्या कापडाच्या पिशव्या त्या करतात आणि मोबाईलवर फोटो पाठवून मागणी घेतात. मी असे फोटो पाहते तेव्हा माल चांगला आणि फोटो वाईट, असेच पुष्कळदा दिसते. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत मोरपंखी पैठणीचा रंग हिरवा होतो, गिऱ्हाईक आल्यावर म्हणते, “फोटोत निराळी होती.” म्हणून कपड्याचा फोटो दिवसाच्या उजेडात, उन्हात न धरता, घरातले दिवे बंद करून काढावा. शेजारी पांढरा रुमाल ठेवून पाहावे. रुमाल पांढरा दिसला तर समजावे की साडीचा रंगही खरा आला. मसाल्याचे ताट खिडकीपाशी ठेवून उजेड बाजूने येऊ द्यावा, म्हणजे त्याचा रवाळपणा दिसतो. मागे केरसुणी, चपला, कपड्यांची दोरी येत नाही ना, हे पाहावे. एवढ्याला पैसा लागत नाही. आमच्या गल्लीतल्या गोधड्या करणाऱ्या एका भगिनीचे फोटो मी असे काढून दिले. त्यानंतर तिला कोणी रंगाबद्दल उलट निरोप पाठवलेला नाही, असे ती सांगते. ती आता स्वतःचे फोटो स्वतः काढते, आणि मला ते अधिक आवडले.

दोन सावधगिरीच्या सूचना. दुसऱ्या बाईचा किंवा मुलीचा फोटो तिला विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नये. मंडळाच्या गटावरसुद्धा नाही. आपण पाठवलेला फोटो पुढे कोठे जाईल हे आपल्या हाती राहत नाही. ‘नको’ म्हणण्याचा तिचा अधिकार आपण मानला, तर आपलाही कोणी मानील. दुसरी सूचना जपणुकीची. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, मुले पुसून टाकतात. महत्त्वाचे फोटो दोन ठिकाणी ठेवावेत आणि त्यांतले निवडक कागदावर छापून घ्यावेत. छापलेल्या फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहावे. पन्नास वर्षांनी नातवंडे विचारतील, “ही कोण?”, तेव्हा सांगायला आपण असणार नाही.

पुष्कळजणी मला म्हणतात, “तुला जमले, आम्हाला कसे जमेल? वय झाले, इंग्रजी येत नाही, वेळ नाही.” वेळ कोणाजवळच नसतो, तो दुपारच्या झोपेतून काढावा लागतो. इंग्रजीसाठी घरोघरी मुले आहेत. माझ्या मुलीला यात एक निराळाच लाभ झाला. आईला मराठीत समजावून सांगायचे म्हटल्यावर तिला स्वतःला तो विषय नीट समजून घ्यावा लागला. मला जो लाभ झाला तो फोटोंपुरता नाही. सातवीनंतर वही-पेन्सिल घेऊन बसण्याची जी सवय तुटली होती, ती परत आली. आता पुढे काय शिकावे, हा विचार माझ्या मनात येतो. तीस वर्षांत असा विचार कधी आला नव्हता.

शेवटी मंडळापुढे मी एक मागणे ठेवते. आपल्या सभासदांत साठीच्या पुढच्या बऱ्याच भगिनी आहेत. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सभागृहाच्या पूर्वेकडील खिडकीपाशी एक खुर्ची ठेवावी आणि ज्यांची इच्छा असेल अशा प्रत्येक वडीलधाऱ्या भगिनीचा एकटीचा, शांतपणे बसून, एक चांगला फोटो काढावा. मी काढीन, शिकायला ज्या येतील त्या माझ्याबरोबर काढतील. एक प्रत त्यांच्या घरी द्यावी आणि एक प्रत मंडळाच्या वहीत लावून खाली त्यांचे नाव, माहेर आणि त्यांच्या हातची प्रसिद्ध गोष्ट लिहावी. कोणाच्या पुरणपोळ्या, कोणाचे भरतकाम, कोणाच्या ओव्या. छपाईचा खर्च तिळगुळाच्या खर्चाहून फारसा अधिक येणार नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी मंडळात तासभर बसेन. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपला मोबाईल, एक वही आणि घरातली एखादी पांढरी चादर घेऊन यावे.